सतरा नंबरच्या कपाळावरचा दिवा

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे आणि सध्या वाळूत पुरलेली आहे. केदारखेड्याच्या फाट्यावर कारभारी आबांची पत्र्याची शेड आहे. शेडच्या मागे, भिंतीपासून दहा पावलं दूर, एक लोखंडी पिंप ठेवलेलं आहे. त्या पिंपात मी आहे. माझ्यावर वीतभर वाळू आहे आणि पिंपावर खडूने लिहिलं आहे, 'हात लावू नये'. रोज सकाळी सुमेधा येते, पिंपाला हाताची पालथी बाजू लावते, थोडा वेळ तशीच थांबते आणि वहीत एक ओळ लिहून जाते. ती ओळ रोज तीच असते, 'पिंप गार आहे'. मी अजून रिकामी झालेली नाही.

माझा जन्म जालन्याच्या भंगारात झाला. तिथल्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिल आहेत, आणि त्यांच्या आवारात मोडक्या लोखंडाचे डोंगर असतात. सुमेधाचे वडील नागसेन अशाच एका मिलमध्ये भंगार निवडायच्या कामावर होते. भट्टीत चुकून बॅटरी गेली तर काय होतं, हे त्यांनी एकदा जवळून पाहिलं होतं. त्याची खूण त्यांच्या डाव्या कानाखाली आहे. त्या दिवसापासून ढिगात बॅटरी दिसली की ते ती उचलून बाजूला ठेवत, आणि पुढे मुकादमाला विचारून घरी आणू लागले.

सुमेधा तेव्हा तंत्रनिकेतनात शिकवू लागली होती. जुन्या ई-रिक्षांच्या त्या बॅटऱ्या ती उघडायची, आतले सेल वेगळे करायची, भरायची, आठ दिवस ठेवायची आणि पुन्हा मोजायची. दहातले सहा बाद व्हायचे. असे पास झालेले सेल जोडून मी तयार झाले. माझ्यातला प्रत्येक सेल आधी एक आयुष्य काढून आलेला आहे. खालच्या डाव्या कोपऱ्यातला एक तर परीक्षेत अगदी काठावर पास झाला होता. तो कधीतरी पडलेला होता. सुमेधाच्या मापात ते दिसलं नाही, मला मात्र पहिल्या दिवसापासून ते माहीत होतं.

मी कशासाठी जन्मले, तेही सांगते. आमच्या भागातली पुष्कळ माणसं रोज जालन्याला कामाला जातात. काहींनी विजेवर चालणाऱ्या स्कूटर घेतल्या होत्या. जाताना जाता यायचं, पण परत येताना राजूरच्या अलीकडे गाडी मान टाकायची. कारखान्यात चार्ज करू देत नसत. सुमेधाने महिनाभर फाट्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं आणि मग आपली योजना आखली. गाडी ज्याची त्याची, बॅटरी भाड्याची, जाऊन-येऊन पुरेल एवढी. एका माणसामागे दोन बॅटऱ्या. एक रस्त्यावर, तर दुसरी शेडमध्ये, पत्र्यावरच्या सौर पॅनेलवर भरत. सकाळी भरलेली न्यायची, संध्याकाळी रिकामी आणायची. माणसं बारा आणि आम्ही चोवीस. माझा नंबर सतरा.

पहिला डबा तिने फार जड केला होता. तृप्ती केदारखेड्याची, बियाण्यांच्या कारखान्यात कामाला. तिने तो उचलला, दोन पावलं चालली आणि खाली ठेवला.

"ताई, हे उचलायला एखादा गडी बी भाड्यानं द्या मला," ती म्हणाली.

सुमेधा हसली, पण तिने ते वहीत लिहिलं. पुढचा डबा निम्म्या वजनाचा झाला. मूठ बांगड्या घातलेला हात आत जाईल एवढी रुंद झाली. आमच्याकडचं ऊन लक्षात घेऊन गरम हवा बाहेर पडायला तिने जाळी ठेवली, आणि पाऊस वरून पडतो म्हणून ती जाळी तळाला ठेवली. सगळ्यात शेवटी तिने दिवा बसवला. फाट्यावर मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून सगळी भिस्त त्या एका दिव्यावर होती. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे भरायची वेळ झाली. लाल म्हणजे आत काहीतरी बिघडलं आहे. हा दिवा कुठे बसवावा, यावर तिने दोन दिवस विचार केला आणि तो माझ्या वरच्या बाजूला, मुठीच्या खाली, बरोबर मधोमध बसवला. माणसाची नजर पहिल्यांदा कपाळावर जाते, असं तिचं म्हणणं होतं.

वहीच्या पहिल्या पानावर तिने नियम लिहिला होता. 'लाल दिसली की कोणाला विचारायचं नाही. आधी वाळूत.'

शेड कारभारी आबांनी आपण होऊन दिली होती. त्यांचं शेत फाट्याला लागून आहे. वस्तीवरच्या माणसांना जागा कशाला देता, असं गावातल्या एकाने त्यांना पारावर विचारलं. सुमेधा तेव्हा शेजारच्या दुकानात उभी होती.

"शेड माही हाये," आबा म्हणाले. "मी तिच्यात बकरी बांधीन नाहीतर बॅटरी ठुईन. तुला कामून खाज?"

सुमेधाने प्रश्नही ऐकला आणि उत्तरही ऐकलं. उत्तराचं तिला बरं वाटलं. लक्षात मात्र प्रश्न राहिला.

दोन वर्षं आमचं चांगलं चाललं. दुसऱ्या गावांची माणसं आम्हाला बघायला येत. पंचायत समितीचे साहेब आले तेव्हा फोटोसाठी मलाच मांडणीवरून काढून पुढे ठेवलं होतं. आबा रोज संध्याकाळी प्रत्येकीला उजवा तळवा लावून पाहत, आजारी वासराला पाहतात तसं. गरम वाटली तर दरवाज्याजवळच्या वाऱ्यात ठेवत. आमच्यावर त्यांचा जीव होता. मित्रांनो, पुढे जे झालं ते त्या जीवापोटीच झालं, म्हणून ते सांगायला मला जड जातं.

गेल्या दसऱ्याची गोष्ट. सुमेधाच्या घरी दसऱ्याला दीक्षाभूमीला जायचा नेम आहे. ती आई-वडिलांना घेऊन नागपूरला गेली. जाताना शेडची किल्ली आबांकडे दिली आणि पिंपात वाळू कोरडी आहे ना, एवढं पाहून गेली.

खंडेनवमीच्या सकाळी आबांनी शेतातली अवजारं धुतली, पूजा मांडली. मग त्यांची नजर आमच्याकडे वळली. तृप्ती तेव्हा दारातच होती.

"आबा, यांना बी पाणी लावता का काय?" तिने विचारलं.

"सालभर तुला नेती, तुला आणती. एक दिस तिला आंघोळ घालायची न्हाई?"

"ताईनं पाण्याचं काही सांगितलं आसंन ना."

"पावसात भिजती तवा काय होतं? काही होत न्हाई. बिलकुल काळजी करू नको."

आबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पावसात मी पुष्कळदा भिजले होते. पण आबा काम नीट करणारे. माझ्या तळाच्या जाळीत दोन वर्षांची धूळ बसलेली त्यांना दिसली, आणि त्यांनी मला उलटी केली. वरून तांब्याभर पाणी ओतलं, काडीने धूळ सैल केली आणि पुन्हा एक तांब्या ओतला. पाणी आत उतरलं तेव्हा कसलाही आवाज झाला नाही. मला सरळ केल्यावर ते हळूहळू खाली गेलं आणि डाव्या कोपऱ्यातल्या त्या काठावरच्या सेलपाशी जाऊन थांबलं.

मग आम्हाला ओळीने उन्हात ठेवलं. वाळल्यावर आबांनी वाटीत कुंकू घेतलं. गाडीच्या वाऱ्याने ते उडून जाऊ नये म्हणून त्यात तेल कालवलं. अंगठा बुडवून त्यांनी प्रत्येकीच्या कपाळावर ठसठशीत टिळा लावला, मुठीच्या खाली, बरोबर मधोमध. सुमेधाने दिव्याला जी जागा निवडली होती तीच आबांनी कुंकवाला निवडली, आणि दोघांचं कारणही एकच होतं. झेंडूचं एक-एक फूल मुठीत खोवून त्यांनी हात जोडले. तृप्तीनेही जोडले.

दसऱ्याला कारखान्यांना सुट्टी होती. एकादशीला तृप्तीने मला नेलं. माझी जागा तिच्या पायांपाशी असते. राजूरजवळ ती पाणी प्यायला थांबली. सोबत भागवत होता, पिंपळगाव रेणुकाईचा, मिलमध्ये कामाला जाणारा.

"भागवतभाऊ, आज पायाला ऊब लागून राह्यली."

"मंग? आबानं थंड्या पाण्यानं न्हाऊ घातलं म्हन्तेत. ताप आला आसंन तिला."

दोघंही हसले. मला खरंच ताप आला होता. कोपऱ्यातला सेल शेजारच्या सेलची शक्ती थोडी थोडी ओढून घेत होता आणि तापत होता. आत गोडसर वास धरला होता. पण तृप्ती दिवसभर औषध लावलेल्या बियाण्यात काम करते, तिच्या नाकाला बाकीचे वास फारसे कळत नाहीत. जालन्याहून परतताना, शेवटच्या वळणावर माझा दिवा लाल झाला. लाल कुंकवाखाली तो लाल दिवा लागला. मी आरडाओरडा केला म्हणा ना. माझ्याकडे बोलायला तेवढंच होतं.

त्याच संध्याकाळी सुमेधा नागपूरहून परतली आणि थेट शेडमध्ये आली. मांडणीवर आम्ही ओळीने बसलो होतो, सगळ्यांची कपाळं लाल.

"कशा सजल्यात पाह्य तुह्या लेकी," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा फुललेला होता.

सुमेधा माझ्या पुढ्यात आली. तिने ओढणीचं टोक हातात घेतलं, हात माझ्या कपाळापर्यंत आणला. मी वाट पाहिली. तिच्या घरी कुंकवाचा रिवाज नाही. ज्याने गावाचं ऐकून न घेता जागा दिली, त्या माणसाने श्रद्धेने लावलेलं ते कुंकू होतं. आणि पारावरचा तो प्रश्न विचारणारा माणूस अजून गावातच होता. तिचा हात खाली गेला.

"छान दिसतात, आबा," ती म्हणाली.

तिने वही काढली आणि लिहिलं, 'दिव्यांवर कुंकू. दोन-तीन दिवसांत निघेल. तेव्हा सगळे दिवे तपासणे.' मग वही मिटली आणि ती घरी गेली. पाण्याचं तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. आबांनी तेल घातलं होतं, हेही तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर जायची पाळी माझ्या जोडीदारणीची होती, अठरा नंबरची. मी शेडमध्ये भरत होते. दसऱ्यानंतरचं आमच्याकडचं ऊन, मित्रांनो, फार कडक असतं. पत्रे तापले. माझ्यात बाहेरून वीज येत होती आणि आतून आग वाढत होती. दुपारी जेवून आल्यावर आबांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना हात लावून पाहिला. माझ्यापाशी आल्यावर ते थबकले.

"उन्हानं तापली बिचारी," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी माझी वायर काढली, मला उचललं आणि शेडमधली सगळ्यात गार जागा शोधून तिथे ठेवलं. ती जागा त्यांच्या बाजेखाली होती. वास त्यांना आला होता. शिळ्या झेंडूचा असेल असं समजून त्यांनी फुलं तेवढी काढून बाहेर टाकली. मग ते बाजेवर आडवे झाले आणि थोड्या वेळाने घोरू लागले. सुंभाच्या विणीतून त्यांची पाठ मला दिसत होती. माझ्या कपाळापासून ती एका हातावर होती.

तो दुपारचा वेळ मी कसा काढला, ते सांगता येणार नाही. एक सेल गेला की शेजारचा पेट घेतो, एवढं मला माहीत होतं. डब्याची डावी बाजू फुगू लागली. दिवा जळत होता.

चारच्या सुमाराला तृप्ती आली, तिच्यामागे आणखी दोघं-तिघं आले. त्याच वेळी तंत्रनिकेतनातून सुटलेली सुमेधा बसमधून उतरली. दारात पाऊल टाकताच ती थांबली. तो वास तिने दोन वर्षांत तीनदा घेतला होता, दर वेळी घरच्या अंगणात आणि दर वेळी बादलीभर वाळू हाताशी ठेवून.

"आबा, उठा."

"आँ? कोन, सुमेधा व्हय? ये, बस."

ती मांडणीपुढे उभी राहिली. ओळीतली सगळी कपाळं लाल. कोण बिघडलं आहे, हे कळायला काही वाव नव्हता. तिच्या मागे दारात चार माणसं उभी होती आणि बाजेवर आबा डोळे चोळत बसले होते.

"आबा, मी हे कुंकू पुसू का?" तिने विचारलं.

"काय म्हन्ली?"

"कुंकू. पुसू का?"

आबांना नीट उमगलं नाही. विचारायचं नाही, हा पहिल्या पानावरचा नियम तिचाच होता. मी बाजेखाली आणखी बोटभर फुगले. मग तिने ओढणीचं टोक घेतलं आणि पहिल्या बॅटरीचं कपाळ जोरात घासलं. तेलातलं कुंकू दोन हातात निघेना, तिसऱ्या हाताला निघालं. हिरवा. दुसरी, हिरवा. तिसरी, पिवळा. अकरा झाल्या. बारावी जागा रिकामी होती, तिथे फक्त एक झेंडूची पाकळी पडली होती.

"सतरा कुठंय?"

"ती व्हय? तापली व्हती म्हून मी हितं सावलीत घेतली," असं म्हणत आबा वाकले आणि त्यांनी मला बाजेखालून ओढलं.

सुमेधाने माझं कपाळ पुसलं. लाल दिवा तिच्या डोळ्यांसमोर लागला, एक अख्खा दिवस उशिरा.

"सोडा तिला, आबा, बाजूला व्हा!"

पण आबांनी मूठ आधीच पकडली होती. वाळूत टाकायची एवढं त्यांना ठाऊक होतं. ते मला घेऊन मागच्या दाराने निघाले. ती दहा पावलं सुमेधानेच मोजून आखली होती. तिसऱ्या पावलाला माझ्यातून फुस्स असा आवाज आला. सहाव्या पावलाला धूर निघाला. आठव्या पावलाला मूठ वितळून आबांच्या तळव्याला चिकटली, तरी त्यांनी ती सोडली नाही. त्यांनी मला पिंपात टाकलं, आणि सुमेधाने दोन घमेली वाळू माझ्यावर लोटली. मग माझ्यातले नऊ सेल एकापाठोपाठ गेले. पिंप तापून काळं पडलं. वाळूबाहेर मात्र काही आलं नाही.

तृप्तीने रांजणातलं पाणी आबांच्या हातावर धरलं. तोवर बाकीची माणसंही परतली होती. सुमेधाने मोजणी केली. अकरा शेडमध्ये, मी पिंपात, अकरा परत आलेल्या. तिने परत आलेल्यांचीही कपाळं पुसली. आठ नंबरचा दिवा लाल निघाला. तीही वाळूत गेली. आता फक्त नऊ नंबर राहिली होती. ती भागवतकडे, रस्त्यावर, त्याच्या पायांपाशी होती.

फोन वाजत होता, भागवत उचलत नव्हता. गाडी चालवताना तो कधीच उचलत नाही. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. सुमेधा रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. पंचवीस मिनिटं गेली.

मग भागवत आला. गाडी लावली आणि एवढी माणसं बघून चकित झाला. सुमेधा धावत त्याच्या गाडीपाशी गेली. नऊच्या कपाळावर कुंकू नव्हतं. दिवा स्वच्छ, हिरवा.

"हिचं कुंकू कुठं गेलं?"

"मी पुसलं ना, आज सकाळी नेताना. काल तशीच चालवली. दिवा दिसल्याबिगर मला गाडीचा भरवसा वाटत न्हाई. आबाच्या समोरच पुसलं. का, काय झालं?"

"व्हय," आबा पाण्यात हात धरून म्हणाले. "मी त्याला दोन शिव्या घातल्या अन् सोडून देल्लं."

सुमेधा भागवतच्या अंगठ्याकडे बघत राहिली. त्याच्या नखात अजून थोडं कुंकू होतं.

"मंग तू कालच कामून न्हाई पुसलं, पोरी?" आबांनी विचारलं.

ओढणीचं लाल झालेलं टोक तिने घडी करून मुठीत घेतलं.

"भागवतभाऊंनी पुसलं तर नुसतं कुंकू पुसलं गेलं, आबा," ती म्हणाली. "मी पुसलं असतं तर सुमेधानं पुसलं, असं झालं असतं."

आबांनी भाजलेला हात पुन्हा पाण्यात धरला.

सुमेधाने सगळ्या बॅटऱ्या उघडून तपासल्या. आणखी दोघींच्या तळाला ओल सापडली. तिने जाळीवर आतून झडप बसवली, म्हणजे उलटी केली तरी पाणी आत जाणार नाही. आणि प्रत्येक डब्याच्या उजव्या बाजूला, दिव्यापासून वीतभर दूर, रुपयाएवढा एक खोलगट ठसा केला. पाडव्याला आबा आले आणि त्यांनी विचारलं, "हे काय?"

"हे कुंकवाला," ती म्हणाली. "आणि दिव्यावर काही दिसलं तर मी पुसणार आहे, आबा. विचारणार नाही."

"नको विचारू," आबा म्हणाले.

त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्याने टिळे लावले. उजवा तळवा भरून आला आहे, पण त्यावरच्या नव्या कातडीला गरम-गार कळत नाही. डाव्या हातावर त्यांचा विश्वास नाही. म्हणून आता संध्याकाळी ते तृप्तीला थांबवतात आणि म्हणतात, "तू लाव हात. मला खरं सांग, गरम हाये का?"

मित्रांनो, तुमच्या घरातही भिंतीपाशी काहीतरी चार्ज होत असेल. त्याच्यावर माझ्यासारखा एक बारीक दिवा असेल. त्याला कापडाने, चिकटपट्टीने किंवा फुलाने झाकू नका. झाकलेला दिसला तर तो आधी मोकळा करा, मग तो मोकळा करायचा मान कुणाचा होता याचा विचार करा. आणि तुमच्यापैकी कुणाचा हात असा मध्येच थांबत असेल, तर तो का थांबला, हे बाकीच्यांनी त्याला विचारा. आम्हा बॅटऱ्यांना दुसरं काही मागता येत नाही.

माझे नऊ सेल गेले. बाकीचे अजून भरलेले आहेत आणि वायरी जळाल्यामुळे त्यांना रिकामं करायची वाट उरलेली नाही. कोपऱ्यातली ओल वाळली की नाही, ते मला इथून कळत नाही. आता सुमेधा आली आहे. तिने पिंपाला हाताची पालथी बाजू लावली आहे. आज ती रोजच्यापेक्षा जास्त वेळ थांबली आहे.